गोष्टीतील माणसे

मुलांनो, तुम्ही आजवर पुष्कळ गोष्टी वाचल्या असतील. त्यांतील कित्येक विसरूनही गेला असाल. पण काही गोष्टींतील माणसे मात्र मनातून जात नाहीत. श्याम आपल्या घरी कधी आलेला नाही. तरी त्याच्या आईचे दुखणे वाढत चालले, की आपले डोळे भरून येतात. चिमणराव आणि गुंड्याभाऊ आपल्या आळीत राहत नाहीत. तरी त्यांची फजिती वाचून आपण असे हसतो, की जणू ती काल आपल्याच शेजारी घडली. फास्टर फेणेने 'ट्टॉक्' असा आवाज काढला, की पुढचे पान उलटण्यापूर्वीच आपण सावरून बसतो. ही सारी माणसे शाईची आणि कागदाची. त्यांना रक्त नाही, मांस नाही. मग ती आपल्याला खरी का वाटतात? लेखक त्यांच्यात जीव ओततो तो कसा?

या प्रश्नाचे उत्तर मला प्रथम पुस्तकात मिळाले नाही. ते आमच्या शाळेच्या फाटकापाशी मिळाले. ती हकीकत आज तुम्हांला सांगतो.

मी त्या वेळी सातवीत होतो. आमच्या शाळेत दर वर्षी स्नेहसंमेलनाच्या सुमारास मुलांचे एक हस्तलिखित निघे. मुलांनी स्वतः रचलेल्या गोष्टी, कविता, प्रवासवर्णने सुवाच्य अक्षरात जाड कागदावर उतरून काढायची. ज्यांना चित्रकलेत गती असेल त्यांनी भोवती वेलबुट्टी काढायची. आणि नीट बांधणी करून तो अंक संमेलनाच्या दिवशी दालनातील टेबलावर ठेवायचा, अशी प्रथा होती. गावातील मंडळी येऊन तो चाळीत. त्या अंकात आपले नाव असावे, अशी मला फार हौस होती.

आमच्या शाळेत एक वृद्ध शिपाई होते. सारी मुले त्यांना 'मामा' म्हणत. अकराची घंटा झाली, की ते फाटक लावून घेत आणि उशिरा येणाऱ्या मुलांना प्रार्थना संपेपर्यंत बाहेर उभे करीत. मलाही त्यांनी दोनदा उभे केले होते. त्या रागाच्या भरात मी एक गोष्ट लिहिली. तिचे नाव 'दुष्ट शिपाई'. गोष्टीतील शिपायाचे डोळे लाल होते, मिशा झुपकेदार होत्या आणि आवाज फाटक्या ढोलासारखा होता. तो विनाकारण मुलांना छळी, गरीब मुलांचे डबे पळवी, आणि शेवटी अंधारात पाय घसरून विहिरीत पडे. तो बुडत असता काठावर जमलेली सारी मुले टाळ्या वाजवीत. खाली मी तात्पर्यही लिहिले होते : 'करावे तसे भरावे.'

वर्गात ही गोष्ट वाचून दाखवली, तेव्हा मुले पोट धरधरून हसली. मी फुशारून गेलो. पण आमचे मराठीचे गुरुजी हसले नाहीत. ते रागावलेही नाहीत. त्यांनी वही मागून घेतली, गोष्ट पुन्हा एकदा मनात वाचली आणि विचारले,

"या शिपायाच्या खिशात काय असते?"

मी गोंधळलो. "खिशात? ते गोष्टीत कुठेच नाही, गुरुजी."

"गोष्टीत नसेना का. तुला तर ठाऊक असेल? हा तुझा माणूस आहे. तो सकाळी काय खातो? त्याला कशाची भीती वाटते? घरी त्याला कोण हाक मारते, आणि काय म्हणून?"

एकाही प्रश्नाचे उत्तर मला देता येईना.

"मग हा माणूस नव्हे," गुरुजी शांतपणे म्हणाले. "हे शेतातले बुजगावणे आहे. त्याला तू स्वतःच्या रागाचा सदरा घातला आहेस. बुजगावणे विहिरीत पडले तर कोणाला दुःख होणार? आणि आनंद तरी कोणाला होणार? आताची मुले हसली ती मामांची आठवण होऊन. परगावच्या मुलाने ही गोष्ट वाचली, तर तो हसेल का?"

मी मान खाली घातली. गुरुजींनी वही परत दिली आणि म्हणाले, "आठ दिवस मामांकडे नीट पाहा. जे दिसेल, जे ऐकू येईल, तेवढेच वहीत टिपून ठेव. 'ते दुष्ट आहेत', 'ते चांगले आहेत' असे एकही वाक्य लिहायचे नाही. ते तुझे मत झाले. मत बनवण्याची घाई करू नकोस. आधी डोळ्यांना काम करू दे."

दुसऱ्या दिवसापासून माझे निरीक्षण सुरू झाले. पहिल्या दिवशी वहीत एकच ओळ पडली : 'मामांनी घंटा वाजवली.' ज्या माणसाला मी रोज पाहत होतो, त्याच्याविषयी लिहिण्यासारखे मला काहीच दिसले नव्हते! आपण पाहतो पुष्कळ. पण त्यातले आपल्याला दिसते थोडे.

दुसऱ्या दिवशी मी जरा जवळ जाऊन उभा राहिलो. आमच्या शाळेची घंटा म्हणजे साखळीला टांगलेला लोखंडी रुळाचा एक तुकडा होता. शेवटचा ठोका दिल्यावर मामा डाव्या हाताने तो रूळ धरीत आणि त्याचा घुमणारा नाद थांबवीत. पाळण्यातले रडते मूल थोपटून निजवावे, तसा तो हात दिसे. हे मी लिहून ठेवले.

तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत पाचवीतील एक मुलगी मामांसाठी डबा घेऊन आली. ती त्यांची नात होती. आमच्या वर्गापासून दोन खोल्यांपलीकडे ती रोज बसत असे, आणि ही गोष्ट मला ठाऊकही नव्हती. मामा पायरीवर बसून भाकरी खाऊ लागले. मुलगी त्यांच्या शेजारी बसली आणि आपले पुस्तक उघडून मोठ्याने धडा वाचू लागली. मामांना अक्षरओळख नव्हती. ते घास चावीत, मान हलवीत ऐकत होते. मध्येच त्यांनी तिला थांबवून विचारले, "मग पुढं काय झालं गं त्या राजाचं?"

माझ्या छातीत एकदम धस्स झाले. हस्तलिखित संमेलनाच्या टेबलावर ठेवले जाणार होते. ही मुलगी ते उघडणार होती. आजोबांसाठी आणखी एखादी गोष्ट मिळते का, म्हणून ती पाने चाळणार होती. आणि तिथे तिला काय वाचायला मिळणार होते? आपल्या आजोबांचा विहिरीत पडून झालेला अंत, आणि काठावरच्या मुलांच्या टाळ्या! त्या रात्री मी 'दुष्ट शिपाई' ही गोष्ट वहीतून फाडून टाकली.

पण निरीक्षण सोडले नाही. पाचव्या दिवशी मला एक मौजेची गोष्ट दिसली. फाटकाच्या कुलपाची किल्ली मामांच्या कोटाच्या उजव्या खिशात असे. सकाळी कुलूप उघडताना ती एका क्षणात त्यांच्या हाती येई. पण अकरा वाजता रस्त्याच्या वळणावर पहिली-दुसरीतले एखादे मूल दप्तर सावरीत धावत येताना दिसले, की तीच किल्ली सापडेनाशी होई. मामा डावा खिसा चाचपीत, उजवा चाचपीत, कमरेला हात लावून पाहत. मूल आत आले, की किल्ली चटकन सापडे, आणि मामा त्या मुलावर मोठ्याने खेकसत, "उद्या उशीर झाला तर याद राख!" आम्हां मोठ्या मुलांच्या वेळी मात्र किल्ली मुळीच हरवत नसे.

सहाव्या दिवशी निराळाच प्रकार घडला. पाण्याच्या नळाची तोटी कोणीतरी मोडली. मामांनी सहावीतल्या एका मुलाचा कान धरून त्याला सर्वांदेखत उभे केले. तो रडत रडत नाही म्हणत होता. दुपारी खरा प्रकार उघडकीस आला; तोटी दुसऱ्याच मुलाने मोडली होती. मामांना ते कळले. पण ते त्या पहिल्या मुलाला काही बोलले नाहीत. दोन दिवस तो मुलगा समोर आला, की ते उगाच झाडू हाती घेत आणि दुसरीकडे वळत. मी हेही वहीत टिपले.

आठ दिवसांनी मी नवी गोष्ट लिहिली. तिचे नाव 'देवमाणूस'. तिच्यातील शिपाई कधी रागावत नव्हता. तो सर्व मुलांवर माया करी, स्वतः उपाशी राहून दुसऱ्यांना जेवू घाली, आणि शेवटी सारा गाव त्याच्या पाया पडे. गुरुजींनी ती वाचली आणि ते मोठ्याने हसले.

"अरे, पहिल्या गोष्टीत तू राक्षस केलास, दुसरीत देव केलास. आता माणूस केव्हा करणार? नळाच्या तोटीचा प्रसंग कुठे गेला?"

"तो लिहिला असता तर मामा वाईट दिसले असते, गुरुजी."

"आणि तो गाळलास म्हणून ते खोटे दिसतात," गुरुजी म्हणाले. "उद्याच्या तासाला मी तुम्हांला एक गोष्ट सांगेन. ती लक्ष देऊन ऐक."

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी हिंदीतील थोर कथाकार मुन्शी प्रेमचंद यांची 'ईदगाह' ही कथा सांगितली. प्रेमचंदांचा जन्म १८८० साली झाला आणि ते १९३६ साली वारले. ही कथा १९३३ सालची आहे. हमीद हा चार-पाच वर्षांचा अनाथ मुलगा. म्हातारी आजी अमीना हेच त्याचे सर्वस्व. ईदच्या दिवशी तो गावातील मित्रांबरोबर पायी पायी शहरातील ईदगाहकडे निघतो. त्याच्याजवळ अवघे तीन पैसे आहेत. जत्रेत मित्र पाळण्यात बसतात, मातीची खेळणी घेतात, मिठाई खातात. हमीद नुसता पाहत राहतो. पुढे लोखंडी वस्तूंच्या दुकानात त्याला चिमटा दिसतो. तव्यावरील भाकरी काढताना आजीचे हात भाजतात, हे त्याला आठवते; आणि तो आपल्या तीन पैशांचा चिमटा विकत घेतो.

गोष्ट संपली तेव्हा वर्ग स्तब्ध होता. गुरुजींनी विचारले, "हमीद तुम्हांला खरा का वाटला?"

एक मुलगा म्हणाला, "कारण तो फार गुणी आहे."

"गुणी मुलगे पुष्कळ गोष्टींत असतात," गुरुजी म्हणाले. "ते सारेच काही लक्षात राहत नाहीत. नीट आठवून पाहा. मित्र मिठाई खातात आणि याला देत नाहीत, तेव्हा हमीदच्या मनात काय येते? खा म्हणावे मिठाई, तुमचीच तोंडे खराब होतील, अंगावर फोड उठतील! म्हणजे त्यालाही राग येतो, मत्सर वाटतो. खेळणी पाहून त्याचे डोळे लुकलुकतात. मातीचे खेळणे हातातून पडले तर फुटून जाईल, असे तो आपल्याच मनाला समजावतो. कारण त्याला ते हवे असते. ज्याला काही नकोच असते त्याने त्याग केला, तर त्यात विशेष ते काय? हमीदला हवे होते, म्हणूनच त्याचा चिमटा मोलाचा."

मग गुरुजींनी दुकानातील प्रसंग पुन्हा सांगितला. दुकानदार प्रथम सहा पैसे मागतो, मग पाचांवर येतो. हमीद धीर करून तीन पैशांना देणार का म्हणून विचारतो, आणि दुकानदार रागावून बोलेल या भीतीने ते बोलणे ऐकू येण्यापूर्वीच पुढे चालू लागतो. "पाहिलेत?" गुरुजी म्हणाले, "चार पावले पुढे चालणे, एवढीच कृती. पण त्यात त्याचे धैर्यही आहे आणि भीतीही आहे. 'हमीद धीट होता', 'हमीद भित्रा होता' अशी दहा वाक्ये लिहूनही जे साधले नसते, ते या चार पावलांनी साधले."

आणि परतीच्या वाटेवर हमीद काय करतो? मित्र चिमट्याची थट्टा करतात, तेव्हा तो मुकाट्याने ऐकून घेत नाही. आपला चिमटा खांद्यावर घेतला की बंदूक, हातात घेतला की फकिराचा चिमटा, मातीची खेळणी त्याच्यापुढे कसली टिकतात, असा तो थाटात वाद घालतो. ही बढाई लहान मुलाचीच आहे. तो मोठ्या माणसासारखा उपदेश करू लागला असता, तर आपला त्याच्यावरचा विश्वास उडाला असता. पात्राच्या तोंडी लेखकाचे बोलणे घालायचे नसते. ज्याचे त्याचे बोलणे ज्याच्या त्याच्या वयाचे, गावाचे आणि धंद्याचे असावे लागते.

गुरुजींनी श्यामचीही आठवण करून दिली. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली. त्यातील श्याम पोहायला जाण्याच्या भीतीने लपून बसतो, आणि आपल्या मुलाला लोकांनी भित्रा म्हणू नये म्हणून आई त्याला मारून पोहायला पाठवते. श्याम चुकतो, रडतो, हट्ट करतो. आईही रागावते. म्हणूनच तो आपल्याला आपला वाटतो आणि त्याची आई आपल्या आईसारखी वाटते.

"पण गुरुजी," मी विचारले, "जे आपल्या वाट्याला कधी आलेच नाही, ते कसे लिहावे? मी म्हातारा नाही आणि शिपाईही नाही."

"हरिभाऊ आपटे मुलगी होते का?" गुरुजींनी उलट विचारले. हरि नारायण आपटे (१८६४–१९१९) यांनी १८९० साली 'करमणूक' हे साप्ताहिक सुरू केले आणि त्यातून 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी क्रमशः प्रसिद्ध केली. त्या कादंबरीत यमू नावाची मुलगी आपली कहाणी आपल्याच तोंडाने सांगते. लहानपणीचे खेळ, कोवळ्या वयातील लग्न, सासर आणि पुढे आलेले वैधव्य, हे सारे तिच्या बोलण्यातून उलगडत जाते. "पुरुषाने एका मुलीच्या मनात शिरून त्या काळच्या स्त्रियांचे दुःख सांगितले. ते कसे साधले असेल? घराघरांतील बोलणे कान देऊन ऐकल्यावाचून आणि 'तिच्या जागी मी असतो तर' असे मनाला विचारल्यावाचून ते साधत नाही. डोळ्यांनी बाहेरचा माणूस दिसतो. आतला माणूस दिसायला कल्पना लागते, आणि कल्पनेला सहानुभूतीची जोड लागते."

माणूस ज्या मातीत वाढतो ती मातीही त्याला घडवीत असते, हेही गुरुजींनी त्या तासाला सांगितले. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी' या १९५५ सालच्या कादंबरीत एक तरुण मास्तर धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला जातो. तिथली माणसे कमी बोलतात, आभाळाकडे पाहतात, मेंढरांच्या काळजीत असतात. पाऊस हुलकावणी देतो आणि वाडी उठून जाते. ती माणसे त्या कोरड्या माळावरून उचलून शहरातील चाळीत ठेवता येणार नाहीत.

आता मला काय करायचे ते थोडे थोडे कळू लागले होते. तरी एक अडचण उरली. मी म्हणालो, "गुरुजी, आता मी मामांविषयी सारे खरे खरे लिहितो. किल्लीचे लिहितो आणि तोटीचेही लिहितो."

गुरुजी गंभीर झाले. "मामांची चूक साऱ्या गावापुढे मांडण्याचा हक्क तुला कोणी दिला? पाहुणा म्हणून ज्याच्या घरी गेलो, त्याच्या घरातली भांडी उचलून बाजारात मांडू नयेत. नाव बदल, गाव बदल, धंदाही बदल. फक्त स्वभाव राहू दे. दोन-तीन माणसांत पाहिलेल्या गोष्टी एकत्र कर. बी मामांकडून घे. झाड तुझे असू दे."

मी पुष्कळ विचार केला. आमच्या गावाला नदी होती आणि पलीकडच्या वाडीतील मुले नावेतून शाळेला येत. मी शिपायाचा नावाडी केला. हा नावाडी भारी तापट. नाव वेळेवर सोडायची, हा त्याचा बाणा. पण एखादे पोर धावत येताना दिसले, की त्याच्या दोराची गाठ सुटत नसे. एके दिवशी त्याचा कंदील नाहीसा झाला. त्याने एका मुलावर आळ घेतला आणि चारचौघांत त्याला चोर म्हटले. पुढे कंदील त्याच्याच खोपटात, जाळ्याच्या ढिगाखाली सापडला. काही दिवसांनी एका संध्याकाळी पाऊस कोसळत होता. नदीचे पाणी चढत होते. नावेतील माणसे "सोड, सोड" म्हणून ओरडत होती. तोच मुलगा काठावरून धावत येत होता, आणि नावाड्याच्या दोराची गाठ सुटत नव्हती. लोकांनी त्याला बोल लावले, तरी ती सुटली नाही. मुलगा नावेत चढला. नावाडी त्याच्यावर खेकसला, "एवढा उशीर करतात का?" मग त्याने कंदील पेटवला आणि त्या मुलाच्या हाती देऊन म्हटले, "नाळेवर बस. उजेड धर." एवढे झाल्यावर नाव निघाली. इथेच गोष्ट संपत होती. तात्पर्य मी लिहिले नाही.

गुरुजींनी गोष्ट वाचली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले, "हा नावाडी त्या मुलाची क्षमा का मागत नाही?"

"त्याला मागायची आहे, गुरुजी. पण त्याला ती मागता येत नाही. म्हणून तो कंदील देतो."

"बरे. त्याच्या खिशात काय असते?"

या खेपेस मी अडखळलो नाही. "काड्यापेटी. पावसात भिजू नये म्हणून तेलकट कागदात गुंडाळलेली."

"ते गोष्टीत आहे का?"

"नाही, गुरुजी. पण मला ठाऊक आहे."

गुरुजींनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि वही हस्तलिखिताच्या गठ्ठ्यात ठेवली.

संमेलनाचा दिवस उजाडला. सायंकाळी पाहुणे निघून गेल्यावर मामांची नात टेबलापाशी आली. तिने अंक चाळला आणि तो हातात घेऊन ती पायरीवर आजोबांजवळ जाऊन बसली. मी खांबाआड उभा होतो. माझे हात गार पडले होते. ती 'नावाडी' हीच गोष्ट वाचू लागली. मामा घास चावल्यासारखे मान हलवीत ऐकत होते. कंदिलाचा प्रसंग आला तेव्हा त्यांची मान थांबली. "ते पुन्हा वाच," ते म्हणाले. तिने पुन्हा वाचले. मामा काही वेळ अंगणाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "नावाडी बरा दिसतो. पण एवढा ओरडतो कशाला?" हे ते इतक्या मोठ्याने म्हणाले, की दालनातील सारी माणसे वळून पाहू लागली. नात खुदकन हसली.

मामांनी स्वतःला ओळखले की नाही, हे मला कधीच कळले नाही. पुढच्या सोमवारी मला शाळेला उशीर झाला. मी वळणावरून धावत सुटलो. मामांनी मला पाहिले, उजव्या खिशातून किल्ली काढली आणि फाटक बंद केले. प्रार्थना संपेपर्यंत मी बाहेर उभा राहिलो. मामा बदलले नव्हते, आणि त्यांनी बदलावे तरी का? बदललो होतो मी. या वेळी मला त्यांचा राग आला नाही.

मुलांनो, तुम्हीही गोष्टी लिहा. आपल्या माणसाला काय हवे आहे आणि त्याच्या वाटेत काय आडवे येते, हे आधी मनाशी ठरवा. त्याचे गुण लिहा, तसे दोषही लिहा. तो कसा आहे हे सांगत बसण्यापेक्षा तो काय करतो, कसा बोलतो, ते दाखवा. तुम्ही जेवढे लिहाल त्याच्या दसपट तुम्हांला त्याच्याविषयी ठाऊक असू द्या. आणि ज्याचा तुम्हांला राग येतो अशा माणसाकडे आठ दिवस नीट पाहिल्याखेरीज त्याच्यावर लेखणी उचलू नका. उत्तम गोष्ट लिहून होईल किंवा न होईल. पण माणूस ओळखण्याची सवय तुम्हांला लागेल, आणि ती जन्मभर उपयोगी पडेल.

शब्दार्थ

सुवाच्य – सहज वाचता येईल असे. वेलबुट्टी – वेली-फुलांची नक्षी. बुजगावणे – पाखरांना भिववण्यासाठी शेतात उभा केलेला बाहुला. मत्सर – हेवा. वैधव्य – पती वारल्यानंतरची स्त्रीची स्थिती. क्रमशः – एकापुढे एक, भागाभागांनी. नाळ – नावेचा पुढचा निमुळता भाग. बाणा – निश्चयाने पाळलेली रीत.

स्वाध्याय

१. एक-दोन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) लेखकाने पहिली गोष्ट का लिहिली?
(आ) गुरुजींनी त्या गोष्टीतील शिपायाला बुजगावणे का म्हटले?
(इ) लेखकाने 'दुष्ट शिपाई' ही गोष्ट केव्हा फाडून टाकली?
(ई) हमीदने चिमटा का विकत घेतला?

२. पाच-सहा वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) आठ दिवसांच्या निरीक्षणात लेखकाला मामांविषयी कोणकोणत्या गोष्टी कळल्या?
(आ) दुसरी गोष्टही गुरुजींना का पसंत पडली नाही?
(इ) शिपायाचा नावाडी करताना लेखकाने काय बदलले आणि काय तसेच ठेवले?

३. पुढील वाक्ये कोणी, कोणाला व केव्हा म्हटली ते सांगा.
(अ) "आता माणूस केव्हा करणार?"
(आ) "मग पुढं काय झालं गं त्या राजाचं?"
(इ) "बी मामांकडून घे, झाड तुझे असू दे."

४. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा : छातीत धस्स होणे, आळ घेणे, हुलकावणी देणे, बोल लावणे, फुशारून जाणे.

५. विचार करून सांगा : नावाड्याने मुलाची तोंडाने क्षमा मागितली असती, तर गोष्टीचा शेवट अधिक चांगला झाला असता, असे तुम्हांला वाटते का? आपले मत कारणांसह मांडा.

६. उपक्रम : रोज दिसणाऱ्या एखाद्या व्यक्तीचे चार दिवस निरीक्षण करा. 'चांगला', 'वाईट', 'प्रेमळ', 'रागीट' यांपैकी एकही शब्द न वापरता तिच्याविषयी दहा ओळी लिहा. नंतर तिचे नाव, गाव आणि व्यवसाय बदलून एक लहानशी गोष्ट तयार करा.